लेकराच्या लांबलेल्या तापात मागच्या महिन्यातल्या घरच्या कोविडची चौकशी सक्तीची असावी का?

मूळ मत (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
जून २०२१ मध्ये, ऐन पेरणीच्या धामधुमीत, माझ्या सात वर्षांच्या भाच्याला ताप आला. महिनाभर आधी घरातली मोठी माणसे कोविडने आजारी होती. त्याचे मात्र एकच दिवस अंग कोमट लागले होते. गावच्या दवाखान्यात विडाल चाचणीवरून टायफॉइड ठरला आणि तीन दिवस सलाईन चालले. डोळे लालभडक होते पण चिपडे नव्हती, ओठ फुटले होते, आणि पोट इतके दुखे की अपेंडिक्सची शंका घेतली गेली. बीपी मोजलाच नाही, कारण लहान मुलाचा पट्टा तिथे नव्हता. हातपाय गार पडल्यावर जिल्ह्याला नेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारले, "मागच्या महिन्यात घरात कोणाला कोविड झाला होता का?" इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर हृदयाचे आकुंचन मंदावलेले होते. हा एमआयएस-सी होता, ज्यात संसर्ग ओसरल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच अनेक अवयवांना सूज आणते. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचे औषध) शिरेतून द्यावे लागले, वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम. वीस किलोच्या लेकराला ५ ग्रॅमच्या ८ बाटल्या लागल्या आणि बियाण्याचे पैसे त्यातच गेले. लेकरू वाचले. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप असलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर हा प्रश्न, बीपी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सक्तीचे करावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, वर्धा जिल्हा)
ताई, आपल्या भाच्याने भोगले ते मी कमी लेखत नाही, परंतु सक्तीला माझा विरोध आहे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे ताप, पुरळ आणि घसरलेला बीपी घेऊन येणाऱ्या मुलात आधी स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा ताप) आणि डेंग्यू शोधावे लागतात. स्क्रब टायफसमध्येही सीआरपी वाढतो. काखेत किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडली, तर डॉक्सीसायक्लिनच्या साध्या गोळ्या जीव वाचवतात. तिथे एमआयएस-सी समजून नुसते सूज उतरवणारे स्टेरॉइड दिले तर घात होईल. शिवाय २०२१ नंतर या आजाराचे प्रमाण बरेच घटले आहे, आणि कोविडच्या अँटिबॉडी आता बहुतेक मुलांत असल्याने अँटिबॉडीच्या चाचणीतून फारसे हाती लागत नाही.

मूळ लेखिका
डॉक्टरसाहेब, स्टेरॉइड गावात द्यावे असे मी कुठेच म्हटलेले नाही. मी प्रश्न विचारायला सांगते आहे. हृदय कमकुवत असताना तीन दिवस बेहिशेबी सलाईन चढले, ते बीपी मोजला असता तर कोणाच्या तरी लक्षात आले असते. खपली शोधायला कपडे काढून लेकरू तपासावे लागते. तेही त्या दवाखान्यात झाले नव्हते.

प्रतिसाद (आशा कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा)
मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. घरात मागे कोण आजारी होते हे दवाखान्यात विचारले, तर आई "नाही जी" म्हणते, कारण २०२१ मध्ये नाव निघाले की घरावर फलक लागेल ही भीती होती आणि ती अजून गेलेली नाही. तोच प्रश्न मी ओसरीवर बसून विचारला की सगळे सांगतात. म्हणून केसपेपरवर रकाना वाढवण्याआधी उपकेंद्राला लहान पट्टा द्यावा आणि ही चौकशी आमच्या गृहभेटीत घ्यावी.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
पट्ट्याबाबत माझी हरकत मागे घेतो; तो मोठ्यांचा वापरला तर मुलाचा बीपी खरा असतो त्याहून कमी दिसतो, म्हणून मापाचाच हवा. सरसकट सीआरपीला मात्र विरोध कायम आहे.