ऑईल प्रेशर गेजचा काटा इंजिन बंद असतानाही शून्यावर येत नाही

पारोळेकर:
नमस्कार. माझ्याकडे जुनी पेट्रोल एस्टीम आहे. मे महिन्यात कन्नड घाट चढून वर थांबलो, तेव्हा आयडलवर ऑईलचा लाल दिवा एकदोनदा लुकलुकला. एका गॅरेजने ऐकताक्षणी इंजिन खोलायला सांगितले. तो खर्च करण्याआधी दाबाचा प्रत्यक्ष आकडा कळावा, म्हणून मी ऑनलाइन मागवलेले इलेक्ट्रिक गेज स्वतः बसवले. लाल दिव्याचा मूळ स्विच इंजिन ब्लॉकमधून काढून त्या जागी सोबत आलेली पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावली, तिच्या एका तोंडाला तोच स्विच आणि दुसऱ्याला गेजचा सेन्सर बसवला. टी ब्लॉकमध्ये दोन वेढ्यांतच अडली आणि तेल पाझरू लागले, तेव्हा टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे देऊन ती पुन्हा आवळली. पाझर थांबला, परंतु आता चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधीच काटा १ बारवर जाऊन उभा राहतो. सेन्सरवर ०–५ बार, १०–१८० ओहम असे कोरलेले आहे. सेन्सर बदलावा की गेज?

भुसावळचा वाचक:
तूर्त दोन्ही बदलू नका. एका वायरच्या सेन्सरला अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी विजेची परतीची वाट) त्याच्या अंगातूनच, म्हणजे आट्यांमधून मिळतो, आणि आपण त्या आट्यांना टेपचा कोट घातला आहे. या जातीच्या सेन्सरमध्ये दाब नसताना सुमारे १० ओहम असतात आणि दाबाबरोबर ते वाढतात. त्यामुळे वाटेत कुठेही जास्तीचा विरोध आला की गेज त्यालाच दाब समजते. चावी बंद करून सेन्सरची वायर काढा. मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या टोकाला आणि दुसरी त्याच्याच षटकोनी अंगाला लावून वाचन घ्या, मग दुसरी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावून पुन्हा घ्या. शिवाय इंजिन बंद ठेवून चावी दिल्यावर लाल दिवा पूर्ण पेटतो की मंद, तेही पाहा.

पारोळेकर:
अंगाशी ११ ओहम, बॅटरीशी ४७. दिवाही मंदच आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

भुसावळचा वाचक:
मग दोष टी आणि ब्लॉक यांच्यामधल्या आट्यांत आहे, कारण स्विच आणि सेन्सर या दोघांनाही सामाईक असलेला सांधा तेवढा एकच आहे.

चोपड्याचा लेथवाला:
टेप हे औषध नव्हतेच. मुळात आटे जुळत नाहीत. जपानी वळणाच्या बऱ्याच इंजिनांत या जागी एक अष्टमांश इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते) आटे असतात आणि ऑनलाइन किटमध्ये बहुधा एनपीटी (अमेरिकन मापाचे निमुळते) येतात. पहिल्यात इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन, दुसऱ्यात २७ आटे आणि ६० अंश. म्हणूनच टी दोन वेढे गोडीने जाते आणि मग अडते. पाना लावून पुढे रेटली, तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात आणि मग कामाला खरा खर्च लागतो. मूळ स्विच सोबत घेऊन जा, आटे त्याच्याशी ताडून पाहा आणि तसाच ॲडॅप्टर घ्या किंवा लेथवर करून घ्या. निमुळत्या आट्यांना थोडे द्रव सीलंट पुरते. पहिला आटा कोरा सोडावा, म्हणजे सीलंट तेलाच्या वाटेत उतरत नाही. आवळून झाल्यावर ओहम पुन्हा मोजावेत.

धुळ्याहून आबा:
आणखी एक गोष्ट. तो सेन्सर डब्याएवढा जड असतो आणि पितळी टीवर लोंबकळत राहिला, तर थरथरीने टीची मान तडकते. मग काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर. ब्लॉकमध्ये फक्त ॲडॅप्टर ठेवून तिथून तेलासाठी बनवलेला जाळीदार होज काढावा आणि टीसह दोन्ही वस्तू क्लॅम्पने बॉडीला धराव्यात. काही जण होजला एक वाढीव सांधा म्हणून नाके मुरडतात, पण मी लोंबकळत्या वजनापेक्षा होज पत्करीन. मात्र टीच्या अंगापासून इंजिनापर्यंत वेगळी अर्थ वायर घ्यायला विसरू नका, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पारोळेकर:
ॲडॅप्टर, होज आणि अर्थ वायर बसवली. आता चावी दिल्यावर काटा शून्यावर राहतो आणि दिवा लख्ख पेटतो. काल दुपारी पुन्हा घाट चढून आलो, आयडलवर १.२ बार, ३,००० फेऱ्यांवर ३.५. दिवा तरीही एकदा लुकलुकला.

भुसावळचा वाचक:
असे स्विच साधारण ०.२ ते ०.५ बारच्या खाली दिवा लावतात. १.२ बारवर तो लुकलुकत असेल, तर आधी स्विच आणि त्याची वायर बदला. इंजिन खोलू नका.