करमुक्त पगार आणि केमनचा खर्च

कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर नोकरीला जाण्याबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, ‘केमनमध्ये आयकर नाही, म्हणजे पगार अख्खा शिल्लक.’ अहो, तिथलं सरकार तोच पैसा आयात शुल्कातून काढतं, बहुतेक वस्तूंवर २२ टक्के! बेटावर पिकतं थोडंच, त्यामुळे किराणा महाग. वीज मुख्यतः डिझेलवर, नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं, आणि एसी बारा महिने. बिलाचा अंदाज करा.

नोकरीची ऑफर कोणत्या डॉलरमध्ये आहे तेही विचारा. एक केमन डॉलर म्हणजे साधारण १.२० अमेरिकी डॉलर, दर बांधलेला आहे. कुटुंब नेणार असाल तर आरोग्यविम्याचं आधी बोला. तुमच्या हप्त्यात कंपनीचा वाटा असतो, बायकोमुलांचा बहुधा तुमच्याच पगारातून कापतात. घरभाडं? ते तर वेगळंच प्रकरण.