मदत हवी आहे: प्रेशर ताब्यात, तरी आईची फील्ड टेस्ट खालावतेय. कॉर्नियाची (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) हिस्टेरिसिस तपासणी करावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगडजवळचे. आई ६८ वर्षांची, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. टिमोलॉलचे थेंब सकाळ-रात्र, लॅटानोप्रोस्टचे फक्त रात्री. डोळ्याच्या आतलं प्रेशर दर वेळी १४-१५ येतं. पण यंदा फील्ड टेस्टच्या (नजर आजूबाजूला कुठवर पोचते ते बघायची तपासणी) कागदावर उजव्या डोळ्याचा नाकाकडचा काळा भाग वाढलेला दिसतोय. तिला स्वतःला काही जाणवत नाही, चष्मा लावून तांदूळ व्यवस्थित निवडते.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पॅकीमेट्री केली. कॉर्नियाची जाडी ४९० मायक्रॉन. ते म्हणाले, प्रेशर मोजायचं गोल्डमन टोनोमीटर साधारण ५२० मायक्रॉन जाडी धरून बनवलंय. कॉर्निया पातळ असला की प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. आता कॉर्नियाचा ताठपणा, हिस्टेरिसिस वगैरे मोजून घ्या म्हणतात, म्हणजे आजार किती वेगाने पुढे जाईल याचा अंदाज येईल. ते मशीन त्यांच्याकडे नाही. मुंबई-पुणे गाठावं लागेल.

आकडा वाईट आला तर उपचार खरंच बदलतात का? की नुसता फाईलमध्ये आणखी एक कागद? आईचं म्हणणं, "आणि किती मशिनींत तोंड घालूक लावतलंस?"

प्रतिसाद

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तपासणी साधी, न दुखणारी. हवेच्या फुंकरीने कॉर्निया आत दबतो आणि परत येतो. जाताना एकदा, येताना एकदा सपाट होतो. त्या दोन क्षणांच्या दाबातला फरक म्हणजे हिस्टेरिसिस. ताठपणा वेगळा; हिस्टेरिसिस हा धक्का जिरवण्याचा गुण, गाडीच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखा. निरोगी डोळ्यात साधारण १०-११ येतो. तो कमी असलेल्यांचा काचबिंदू जास्त वेगाने वाढतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ताठपणासाठी कॉर्व्हिस नावाचं मशीन आहे, त्यात ही हालचाल सेकंदाला ४,००० हून जास्त फ्रेम्सने टिपतात.

पण आकडा एकटा काही ठरवत नाही. कमी आला तर डॉक्टर प्रेशर आणखी खाली आणायचं ठरवतील आणि फील्ड लवकर लवकर करतील. तुमच्याकडे मुळात फील्ड बिघडलेली दिसतेय, म्हणजे हा निर्णय त्या मशीनवाचूनही घेता येतो. आधी फील्ड त्याच मशीनवर पुन्हा करा. दमलेला पेशंट बटण चुकीचं दाबतो आणि कागद काळा येतो. आणि थेंब डोळ्यात पडतोय का ते बघा. हे कुणी बघत नाही!

धागाकर्ता

धन्यवाद. काल रात्री समोर बसून बघितलं. पहिला थेंब अर्धा गालावर, आणि लगेच दुसरी बाटली. आता खालची पापणी ओढून मी घालतो, मग नाकाजवळचा कोपरा दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या औषधाआधी दहा मिनिटं थांबायचं. फील्ड पुन्हा करून घेतो. तरीही मुंबईत ही तपासणी कुठे होते आणि खर्च किती येतो, कुणी केली असेल तर सांगा. गणपतीत भाऊ येतोय, परत जाताना आईला त्याच्यासोबत पाठवता येईल.