मुलीला चौथी न करता थेट पाचवीत बसवावं का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावात राहतो. चार एकर कापूस-तूर आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे, जन्म डिसेंबर २०१७ चा. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच. तिसरी-चौथी एका खोलीत बसतात, त्यामुळे चौथीला शिकवलेलं हिला आपोआप पाठ होतं.

मागच्या आठवड्यात वेचणीचं वजन चालू होतं. काटा निंबाच्या फांदीला टांगलेला. एका बाईचा कापूस ४७ किलो भरला, वेचाई ९ रुपये किलो. मी मोबाइल काढेपर्यंत ही म्हणाली, "चारशे तेवीस." कसं काढलं विचारलं तर, "पन्नासचे साडेचारशे, त्यातून तीन किलोचे सत्तावीस कमी केले." हे तिला कोणीच शिकवलेलं नाही.

आणि हीच पोरगी शाळेत आपली गणितं झाली की सतरंजीचे दोरे उपसत बसते. कोणाला त्रास नाही, बडबड नाही. सरांनी मला ती जागा दाखवली, वीतभर उसवली होती. पोटात कालवलं माझ्या.

सर म्हणतात, येत्या जूनमध्ये थेट पाचवीत घालू, मी मुख्याध्यापकांशी बोलतो. पण पाचवी सहा किलोमीटरवरच्या गावात आहे. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास फुकट आहे, खर्चाची काळजी नाही. काळजी तिच्या वयाची आहे. अंगानं बारीक आहे, आणि श्रुतलेखनात दोन ओळी लिहीपर्यंत बाकीच्यांच्या पाच होतात. सासूबाई म्हणतात, "एवढीशी लेक, तिले मोठ्या पोराईत कायले ढकलता?" तिचे बाबा म्हणतात, सर सांगतात तर ऐकावं. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप येत नाही. कोणी आपल्या लेकराचं असं वर्ष गाळलं आहे का?

प्रतिसाद (वणीकडचा मास्तर):
ताई, मी बहुवर्गच शिकवतो. आधी नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा विचार करा. सहावीची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण शिकलेली लागतात. चौथी गाळली की तिथेच अडकलं. वयाचंही आहे. २०२६-२७ च्या प्रवेशाला जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला मागितला आहे आणि ही तारीख दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. तुमची मुलगी वर्ष गाळून २०२७-२८ ला सहावीला आली तर जुलै २०१७ पर्यंतचा जन्म लागेल, म्हणजे ती बसत नाही. नेहमीप्रमाणे गेली तर आरामात बसते. इतक्या हुशार पोरीचं बेलोऱ्याचं नवोदय हातचं घालवू नका.

वर्ग न बदलताही खूप करता येतं. खोली एकच आहे ना? हजेरी तिसरीत राहू द्या, गणिताला चौथीच्या रांगेत बसवा. पुढच्या वर्षी चौथीत असताना पाचवीचं गणित द्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट उतरवता येतं.

धागाकर्ती:
सर, मनापासून आभार. नवोदयचा नियम आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. आज शाळेत जाऊन सांगितलं, सरांनी लगेच मान्य केलं. सोमवारपासून गणिताला ती चौथीत बसेल. सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

आता एक विचारते. लिहिताना ती पेन्सिल मुठीत धरते आणि पाच मिनिटांत हात दुखतो म्हणते. सांगायचं खूप असतं, कागदावर दोनच वाक्यं येतात. घरी रोज काय करून घेऊ? संध्याकाळी सात ते आठ मी तिच्याजवळ बसू शकते.