संग्रहालयाच्या सहलीत मुलांना चित्र पाहायला कसे शिकवावे?

प्रश्न: कलाशिक्षक, सातारा जिल्हा

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. सहलीच्या दिवसांत आम्ही आठवी-नववीची मुले औंधला नेतो. स्वतः चित्रकार असलेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर यांच्या मूळ चित्रांपासून हेन्री मूरच्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंत इतका ठेवा आहे, की आमच्या भागातील मुलांना तो घरापासून इतक्या जवळ पाहायला मिळावा हे मी त्यांचे भाग्य समजतो. प्रत्यक्षात मात्र मुले रांगेने आत जातात, अर्ध्या तासात सगळी दालने पालथी घालतात आणि बाहेर आल्यावर काय पाहिले असे विचारले, तर ‘जुनी चित्रे पाहिली’ एवढेच सांगतात. वहीत उतरते ती फलकावरची माहिती.

वर्गातही फारसे वेगळे चित्र नाही. आठवड्यातल्या मोजक्या तासिका एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीत जातात. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी पालक या परीक्षांचा आग्रह धरतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण स्मरणचित्रातला फुगेवाला आणि छत्री घेतलेली बाई मुले अक्षरशः पाठ करून काढतात. चित्र काढता येणाऱ्या मुलांना चित्रासमोर पाच मिनिटेही उभे राहवत नाही, हे मला फार सलते. संग्रहालयातील त्या दीड-दोन तासांत नेमके काय करून घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: संग्रहालय-शिक्षिका, मुंबई

सर, संपूर्ण संग्रहालय दाखवलेच पाहिजे, हा आग्रह आपण प्रथम सोडावा. एका भेटीत तीन वस्तू, फार तर चार. बाकीचे मुलांनी पुढे केव्हातरी आईवडिलांना घेऊन येऊन पाहावे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसेन यांनी विकसित केलेली एक पद्धत जगभरातील अनेक संग्रहालये वापरतात. तिच्यात शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे असतात: या चित्रात काय चालले आहे? असे तुला कशावरून वाटते? आणखी काय दिसते? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण उत्तर देण्यासाठी मुलाला पुन्हा चित्राकडेच वळावे लागते. शिक्षकाने ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ न म्हणता मुलाचे म्हणणे आपल्या शब्दांत परत मांडायचे आणि चित्रात त्या जागेकडे बोट दाखवायचे. सुरुवातीला हे फार जड जाते, कारण आपल्याला माहिती सांगण्याची सवय असते.

माहिती सांगूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. तिची वेळ नंतरची असते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. मुलांना त्याच्याभोवती एक फेरी मारू द्यावी आणि दगडाच्या जोडांवर त्यांची नजर आपोआप जाते का, हे पाहावे. हत्ती एकसंध नाही हे त्यांनी स्वतः शोधून काढले, म्हणजे मग सांगावे, की १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि त्याचे तुकडे १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. याच बेटाला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते या हत्तीवरून, हेही तेव्हाच सांगावे. हीच माहिती आल्या आल्या दिली, तर मुले ती लिहून घेतात आणि हत्तीकडे पाठ फिरवून पुढे जातात.

उत्तर: निवृत्त कलाशिक्षक, पुणे

मॅडमचे म्हणणे बव्हंशी पटते. पण नुसत्या प्रश्नोत्तरांवर माझा तितका भरवसा नाही. चाळीस मुलांच्या गटात चारपाच चुणचुणीत मुले बोलतात आणि उरलेली त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतात. अबोल मुलाच्या हाती पेन्सिल दिली, तर तेही पाहू लागते.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. एखादा नक्षीदार अडकित्ता निवडून मुलांना त्याचे रेखाटन करायला सांगावे, पण अट अशी घालावी, की तो उघडतो कसा हे चित्रावरून कळले पाहिजे. मग खिळा कुठे आहे, पाते कोणत्या बाजूला आहे, मूठ हातात कशी बसेल आणि कारागिराने पक्ष्याची मान नेमकी तिथेच का वळवली, हे सारे पाहिल्याशिवाय मुलाला रेघ ओढताच येत नाही. वस्तुचित्राच्या परीक्षेसाठी याहून चांगला सराव नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रेड परीक्षा आणि संग्रहालय यांच्यात वैर आहे असे मानून आपण मुलांचेच नुकसान करतो.

नकलेचीही आपण उगाच निंदा करतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण गुहेतल्या अंधूक उजेडात मूळ चित्रासमोर बसून रेघेमागून रेघ शोधणाऱ्या त्या तरुणांचे डोळे किती तयार झाले असतील, याचा विचार करावा. मूळ कृतीसमोर बसून केलेली नक्कल आणि फुगेवाल्याच्या नकलेची नक्कल या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये.

उत्तर: कलाशिक्षिका, पालघर जिल्हा

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. तरीही मला प्रश्न थोडा अलीकडे आणावासा वाटतो. ज्या मुलाला रोज दिसणारी चित्रे पाहण्याची सवय नाही, ते वर्षातल्या एका दिवशी संग्रहालयात एकाएकी कसे पाहू लागेल?

आमच्या भागात जवळपास प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने वारली चित्रे काढलेली असतात. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर, आणि झाडे. मुले त्रिकोणाला त्रिकोण जोडून ही माणसे झरझर काढतात. परंतु वारली घरात लग्नाच्या वेळी सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि तो चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही, हे शाळेतल्या बिगरवारली मुलांना ठाऊक नसते. वारली मुलांना ठाऊक असते, पण त्यांना कोणी विचारत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ही नोंद सामान्यज्ञानाच्या वहीत असते आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या आजीने चौक लिहिलेला असतो, याची दखल शाळा घेत नाही. या गोष्टीची मला मनापासून चीड येते.

म्हणून मी वर्गात शाळेच्या भिंतीपासून सुरुवात करते. भिंतीवर कोण आहे आणि कोण नाही? हे चित्र कोणी, कोणासाठी काढले? घरचा चौक आणि हा फेर यांत काय वेगळे आहे? पुढे रस्त्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स आणि पाठ्यपुस्तकातली चित्रेही याच प्रश्नांनी पाहता येतात. फ्लेक्सवर कोणाचा चेहरा मोठा आणि कोणाचा टिकलीएवढा, हे मुलांना लगेच दिसते आणि चित्रातल्या आकारामागे सत्ता असते, हे न सांगताच त्यांच्या लक्षात येते. ही मुले औंधला गेली, तर राजाने गोळा केलेल्या चित्रांत कोणाची चित्रे नाहीत, हेही विचारतील. विचारू द्यावे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. यंदा मी मुलांचे तीन गट करून प्रत्येक गटाला दोनच कलाकृती देणार आहे: एक चित्र आणि एक शिल्प. आधी काही वेळ नुसते पाहणे, मग तीन प्रश्न, मग रेखाटन. सहलीपूर्वीचा एक तास शाळेसमोरच्या फलकांसाठी ठेवतो. आता एकच व्यावहारिक शंका उरते. दालनात बसून रेखाटन करू देतात का, आणि मुलांसोबत कोणते साहित्य न्यावे?

संग्रहालय-शिक्षिका, मुंबई

याचे नियम प्रत्येक संग्रहालयाचे निराळे असतात, म्हणून शाळेच्या पत्रावर आगाऊ लेखी परवानगी घ्यावी आणि त्यात मुलांची संख्या, वेळ आणि बसून रेखाटन करणार असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा. शक्य असल्यास आपण आधी एकटे जाऊन कलाकृती निवडाव्यात आणि समोर पंधरा मुले बसल्यावर येण्याजाण्याची वाट मोकळी राहते का, ते पाहावे. साहित्य म्हणून फक्त पेन्सिल आणि पुठ्ठ्याला क्लिपने लावलेले कागद न्यावेत. शाईचे पेन, जलरंग आणि पाण्याच्या बाटल्या दालनाबाहेरच ठेवाव्यात. खोडरबरही देऊ नये असे मी सुचवीन, कारण तो हाती असला की मुले चित्रापेक्षा कागदाकडेच अधिक पाहतात. दालनातल्या रखवालदारांना आदल्या दिवशी भेटून उपक्रम समजावून सांगावा. कोणत्या चित्रासमोर लोक सर्वांत जास्त वेळ थांबतात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.