१४ महिन्यांच्या बाळाला खोकल्याचं सिरप द्यावं का?

आमचं पिल्लू १४ महिन्यांचं. चार दिवस सर्दी-खोकला. रात्री दोनला ढास लागते आणि प्यायलेलं सगळं दूध बाहेर, माझ्याच अंगावर. ताप नाही, दिवसा घरभर धुडगूस. सासूबाई म्हणतात कापूर हुंगव, नवरा म्हणतो थोरलीचं उरलेलं सिरप दे. काय करू?

ठाणेकर बाबा: सिरप नकोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही सांगितलंय, दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं देऊ नका. आणि कापूर लांब ठेवा, त्यानं लहान मुलांना झटके येऊ शकतात.

दोन नातवांची आजी: अगं, झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. या वयात ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, तर सकाळची वाट बघू नकोस. एरवी नाकात सलाइनचे थेंब, झोपताना अर्धा चमचा मध. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही हं!)

पिल्लूची आई: मोजले, ३२. मध मिटक्या मारत खाल्ला. सिरपची बाटली कचऱ्यात. सासूबाई अजून कापराची डबी शोधतायत.