पर्थच्या शाळेत नूंगार (नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी) लोकांच्या सहा ऋतूंवर वर्षभराचा उपक्रम कसा बसवावा?

शुभदा_पर्थ: पाचवीच्या वर्गासाठी निसर्गनोंदी आणि मुलांचं मानसिक-सामाजिक स्वास्थ्य एकत्र आणणारा उपक्रम आखतेय. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, काम्बारांग हे दोन-दोन महिन्यांचे धरून चार सत्रांत वाटले तर चालतील का?

रानवही: तारखांनी वाटलेत तर मुळातलं ज्ञानच हातचं जाईल. डिसेंबर-जानेवारी म्हणजे बिराक, ही मांडणी सोयीपुरती आहे. ऋतू पालटतो तो खुणांनी. रात्री गार होतात, पहाटे दव पडतं, पंखवाल्या मुंग्या उडतात, तेव्हा जेरान आला म्हणायचं. मग एप्रिल उजाडलेला असो वा नसो.

आठवड्यातून एक वार, एकच जागा, वीस मिनिटं. वारा, दव, एक झाड, एक पक्षी एवढंच नोंदवा. खुणा वाढवल्या की वह्या कोऱ्या राहू लागतात. वारा मात्र सकाळ-दुपार दोनदा बघा: बिराकात सकाळी तो पूर्वेकडून येतो, दुपारी समुद्रावरून. बिराक बराचसा सुट्टीत जातो, म्हणून वही घरी द्या.

आणि आपलेही ऋतू सहाच, म्हणून वसंत-ग्रीष्माशी जोड्या लावू नका. तिथली माती, वारे, झाडं सगळंच वेगळं.

माधव_द: स्वास्थ्याचं बोलायचं तर ‘आज कसं वाटतंय?’चे चेहरे चिकटवणं फार तोकडं आहे. तिकडच्या आदिवासी समाजांच्या आरोग्यकामात वापरली जाणारी चौकट सात नाती मोजते: शरीर, मन, कुटुंब, समाज, संस्कृती, भूमी, आत्मा. ऋतू या साऱ्यांना बांधून ठेवतात. बुनुरूच्या उन्हाळ्यात माणसं किनारी, नदीमुखांशी मासे धरत. माकुरूच्या पावसात आत सरकत, कांगारूच्या कातड्याचं ‘बूका’ पांघरत. मग माकुरूत वर्गानेही धावपळ आवरून ऐकण्याला, गोष्टींना जास्त वेळ द्यावा.

त्याआधी व्हाजुक या नूंगार गटाच्या ज्येष्ठांना भेटा, कारण पर्थ त्यांची भूमी. आराखडा पक्का करून सही मागायला जाणं ही नेहमीची चूक. कोऱ्या कागदानिशी जा. मानधन आधी ठरवा. काय लिहून ठेवायचं, कशाचा फोटो काढायचा, हेही त्यांनाच विचारा. नूंगारांचे चौदा गट आहेत. ऑल्बनीच्या मेनांग गटाच्या खुणा पर्थला जशाच्या तशा लागू होत नाहीत.

रानवही: सुरक्षेचं राहिलं. झामिया या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बिया विषारी असतात. लाल दिसल्या तरी मुलांनी हात लावू नये. रानफुलं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तेव्हा चित्रं काढा. जिल्बाच्या शेवटापासून मॅगपाय पक्षी घरट्याजवळ झेप घेतात आणि काम्बारांगात साप बाहेर पडतात. तेवढे आठवडे जागा बदला, पण वहीत तसं लिहा, नाहीतर नोंदींची तुलनाच होणार नाही.

शुभदा_पर्थ: ज्येष्ठांची संमती मिळाली तर फेब्रुवारीत, बुनुरूत, मारी झाडाच्या पांढऱ्या फुलांपासून सुरुवात करावी म्हणते.

रानवही: उत्तम. फक्त मारी आणि जारा ही झाडं मुलांना सारखीच दिसतात. खाली पडलेलं फळ उचलून दाखवा: मारीचं मोठं, कलशासारखं, जाराचं लहान, गोलसर.